एक्केचाळीस कुटुंबं

एका गुरुवारी दुपारी सव्वाचार वाजता आमच्या चर्चमधल्या दोनशे सत्त्याऐंशी माणसांची कुटुंबं बदलली, आणि त्यातल्या एकालाही खुर्चीवरून उठावं लागलं नाही. हे काम माझ्या बायकोनं केलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून, एका बोटानं. मी तिथेच होतो, त्यामुळे फार ताणून सांगणार नाही. गरजच नाही.

आधी बायकोबद्दल. गेली एकतीस वर्षं चर्चची सभासद-यादी तिच्याकडे आहे. पूर्वी वहीत होती. कॉम्प्युटर आला तेव्हा तिनं ती वही जशीच्या तशी एक्सेलमध्ये उतरवली, चहाच्या डागासकट म्हणायलाही हरकत नाही, कारण जिथे डाग होता तिथले सहा चौकोन तिनं खाकी रंगवले. रंग एकूण चौदा. पिवळा म्हणजे आजारी, हिरवा म्हणजे गायनात आहे, जांभळा म्हणजे शेजारच्याशी बोलत नाही, आणि फिका जांभळा म्हणजे बोलायला लागलाय पण जपून. आमच्या पाळकसाहेबांनी ती फाइल एकदाच उघडली होती. तिथून ते थेट चष्म्याच्या दुकानात गेले.

माझ्याकडे चर्चच्या ऑर्गनची दुरुस्ती आहे. वीस वर्षांपूर्वी हाती घेतली, चालू आहे.

आता भाची. बायकोच्या बहिणीची मुलगी, वय चौतीस, हाताखाली तीन माणसं, आणि घरात अजून चिंगीच. ती ज्या कंपनीत आहे ती चर्चसाठी सॉफ्टवेअर बनवते. सभासद कोण, राहतात कुठे, बाप्तिस्मा कधी झाला, कोणाकडे भेटीला जायचं राहिलंय, सगळं त्यात. सॉफ्टवेअर चांगलं, पण दारातच घोडं अडायचं. प्रत्येक चर्चकडे आधीची कुठलीतरी एक्सेल यादी असते, आणि ती आत घेता घेता लोक रडकुंडीला यायचे. कॉलम जुळत नाहीत, तारखा उलट्या होतात, एकाचा फोन नंबर दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. मग लोक हेल्पलाइनला फोन लावायचे. चिंगीनं त्या हेल्पलाइनवर चार वर्षं काढली होती. डोक्यावर हेडफोनचा पट्टा असा उमटला होता की केस कापणारी बाई तिथूनच भांग पाडायची.

त्या जाचातून सुटायला तिनं दीड वर्ष खपून नवं इम्पोर्ट बनवलं. फाइल द्यायची. ते स्वतः वाचणार, स्वतः ओळखणार, चार साधे प्रश्न विचारणार, संपलं. तिच्या मॅडमनी ते पाहिलं. या मॅडम प्रत्येक शब्द जपून काढतात, जणू घरी एवढेच शिल्लक आहेत.

"साठीच्या पुढच्या बाईंना एकटीनं करू दे," त्या म्हणाल्या. "हेल्पलाइनला एक जरी फोन आला तर हे कपाटात. आणि तू परत फोनवर."

चिंगीनं मग जगातली सगळ्यात अवघड यादी शोधली. फार लांब जावं लागलं नाही.

"मावशी, रागावू नकोस," ती म्हणाली, "पण तुझ्या यादीवर चाललं तर कुठेही चालेल."

"रागावू कशाला? डोंगर चढायचा तर लोक उंचच बघून चढतात."

मॅडमची अट कडक होती. चिंगीनं पडद्याकडे पाठ करून बसायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, बोट लावायचं नाही. रविवारी उपासना झाल्यावर मॅडम स्वतः येऊन तयार यादी बघणार. साक्षीदार म्हणून मी, आणि यादीबद्दल मीही काही सांगायचं नाही. मला वाटतं, माझी नेमणूक करणं एवढीच मॅडमची त्यात चूक झाली.

कारण एक गोष्ट चिंगीला ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती, पण मला बोलायला मनाई होती, आणि मनाई मी आयुष्यात पहिल्यांदाच पाळली. बायकोच्या यादीत एका ओळीत एक माणूस नव्हता. एका ओळीत एक घरही नव्हतं. एका ओळीत एक बाक होता. चर्चमधला लाकडी बाक, वाटेजवळचा माणूस पहिला, मग दुसरा, तिसरा, थेट भिंतीला टेकून बसणाऱ्यापर्यंत. ऑर्गनशेजारच्या माळ्यावरून तिला मंडळी जशी दिसतात तशी तिनं लिहिली होती. प्रत्येक चौकोनात नाव, फोन, आणि कंसात दोन शब्द.

चिंगी खिडकीकडे तोंड करून बसली, हात मांडीखाली दाबून. बायकोनं चष्मा चढवला.

"'फाइल निवडा.' निवडली," बायको मोठ्यानं वाचत होती. "'वाचत आहोत.' वाचा बापडे. हे रंगांचं काय करणार गं?"

चिंगीनं हात मांडीखाली आणखी दाबले.

"बरोबर, बोलायचं नाही तुला. तुझे कान लाल झालेत एवढं सांगते."

"मावशी, मला हसवूही नकोस," चिंगी भिंतीला म्हणाली.

"ते बोलणं झालं," मी म्हटलं. साक्षीदाराचं काम मी चोख करत होतो.

"'नाव आणि फोन वेगळे केले.' अगंबाई, केले की. हुशार आहे." चिंगीची पाठ दोन इंच उंच झाली. "'कंसातला मजकूर विशेष माहिती म्हणून घेतला.' घ्या. 'एक्केचाळीस कुटुंबं सापडली. संख्या बरोबर आहे का?'"

इथे बायको थांबली. ओठ हलवत तिनं मनात चर्चभर फेरी मारली. डावीकडे वीस, उजवीकडे वीस, दाराजवळचा तो आखूड एक.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "बरोबर." आणि बटण दाबलं.

चिंगीची मान किंचित वळली. दोनशे सत्त्याऐंशी माणसं आणि एक्केचाळीसच कुटुंबं? पण मावशी इतक्या ठामपणे म्हणाली होती की तिनं मनातल्या मनात आमच्या चर्चमधल्या सगळ्यांना दोन-दोन मुलं जास्त देऊन टाकली.

"'कुटुंबप्रमुखांना खात्रीसाठी संदेश पाठवायचा का?' इतकं अदबीनं विचारतंय, नाही कसं म्हणायचं?" बायकोनं होय दाबलं, चष्मा काढला, आणि म्हणाली, "झालं. आता चहा ठेवते."

चौदा मिनिटं. हेल्पलाइनला फोन शून्य. चिंगी उठली, मावशीला मिठी मारली, मला टाळी दिली, आणि मग पहिल्यांदा पडद्याकडे बघितलं.

तिनं जे केलं होतं ते मी समजावून सांगतो, कारण तिनं ते नंतर मला रडत रडत समजावलं. एका ओळीत बरीच नावं दिसली की तिचं इम्पोर्ट आपणहून ओळखायचं की हे एक कुटुंब आहे, आणि पहिलं नाव कुटुंबप्रमुखाचं. या युक्तीचा तिला फार अभिमान होता. आमच्या चर्चमध्ये बाकावर पहिला कोण बसतो? ज्याचा गुडघा दुखतो तो, किंवा ज्याला लवकर पळायचं असतं तो. त्या सगळ्यांना आता संदेश गेला होता: 'नमस्कार. आपण कुटुंबप्रमुख आहात. आपल्या कुटुंबातील सभासदांची नावे व विशेष माहिती खाली दिली आहे. काही चूक असल्यास या क्रमांकावर कळवा.'

क्रमांक चर्चचा. म्हणजे आमच्या टेबलावरचा फोन.

"मावशी, तुला 'कुटुंब' वाचून काही वाटलं नाही?"

"मला वाटलं तुमच्यात बाकाला कुटुंब म्हणतात. गोड वाटलं मला."

चहा उकळायच्या आत फोन वाजला. चौथ्या बाकावरच्या गुडघेवाल्या इंजिनियरांच्या बायकोचा. त्या गायनात असतात, पहिल्या बाकावर बसतात, त्यामुळे चौथ्या बाकावर त्यांचं नाव नव्हतं.

"ह्यांच्या कुटुंबात मी नाही असं कळलं," त्या अतिशय शांतपणे म्हणाल्या. "दंतवैद्यीणबाई आहेत म्हणे. दुसऱ्या नंबरला."

"अहो, त्या फक्त बसतात तिथे," बायको म्हणाली.

"तेच मी ह्यांना विचारतेय, कधीपासून?"

मागून इंजिनियरांचा आवाज आला, "मी प्रमुख आहे असं लिहून आलंय, तेवढं तरी वाचून दाखव की."

पुढचा फोन घड्याळजींचा. त्यांच्या नावापुढच्या कंसात 'प्रवचनात झोपतात' असं होतं, आणि ते त्यांच्या नव्या कुटुंबानं वाचलं होतं. "मी डोळे मिटून ऐकतो," ते म्हणाले. "गेल्या रविवारचं प्रवचन कशावर होतं ते सांगू?" बायकोनं सांगा म्हटलं. त्यांनी तीन रविवारांपूर्वीचं सांगितलं. तेव्हा जागे होते म्हणायचे.

पाच वाजेपर्यंत अकरा फोन झाले. चिंगी टेबलावर डोकं टेकून बसली होती. पडद्यावर एक लाल बटण होतं, 'इम्पोर्ट मागे घ्या'. ती त्याकडे हात न्यायची आणि बायको तो हात हळूच बाजूला करून तिथे बशी ठेवायची.

"लोक अजून चुका सांगताहेत, मध्येच काय पुसतेस? दंतवैद्यीणबाईंचा नंबर बदललाय हे मला आज कळलं. आठ महिने मी कुठल्यातरी पंक्चरवाल्याला बरं आहे का विचारतेय. तोही बिचारा बरं आहे म्हणतो."

आणि खरंच, गंमत तिथेच सुरू झाली. लोक 'हे माझं कुटुंब नव्हे' असं सांगायला फोन करायचे आणि दोन मिनिटांत 'माझ्या कुटुंबात अमुक चुकलंय' यावर यायचे. नवव्या बाकावरून कळलं की भिंतीजवळचा बेकरीवाला खिडकीतल्या वाऱ्याला कंटाळून बाराव्यावर गेला, त्याला तिकडच्यांना द्या. बाराव्यावाले म्हणाले, आम्ही घेतो, पण त्याचा छत्रीचा दांडा आमच्या पायात येतो हे लिहून घ्या. सव्विसाव्या बाकानं तर बैठक घेऊन प्रमुख बदलला. बायको एका खांद्यावर फोन धरून एका बोटानं दुरुस्त्या टाकत होती. शुक्रवार संध्याकाळपर्यंत तिच्या मानेला असा बाक आला होता की ती सरळ बघायला गेली की तिला शेजारच्यांचं घर दिसायचं.

शनिवारी सकाळी चिंगी लवकर आली. बायको बाजारात गेली होती. चिंगीनं लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, मी एक करणार आहे. तुम्ही बघितलं नाही असं समजा."

"आधी सांग, मग ठरवतो काय बघितलं नाही ते."

तिचा बेत सोपा होता. लाल बटण दाबून सगळं मागे घ्यायचं. मावशीची यादी स्वतः नीट मांडायची, एका ओळीत एक माणूस. मग पुन्हा आत घ्यायची. रविवारी मॅडमना दिसेल स्वच्छ यादी, चौदा मिनिटं, हेल्पलाइनला शून्य फोन. सगळं खरं. फक्त मधलं एवढंसं सांगायचं नाही.

"मला परत फोनवर नाही जायचं, काका," ती म्हणाली. "चार वर्षं मी लोकांना एकच वाक्य सांगितलंय. 'तुमची फाइल चुकीची आहे.' ते म्हणायचे, आमची फाइल वीस वर्षं चाललीय. मी म्हणायचे, तरी चुकीची आहे."

खोटं कसं रचावं यावर माझ्याकडे पुष्कळ सल्ला होता, पण माझं क्षेत्र वेगळं, थापांचं. मी ऐकणाऱ्याला आधीच सावध करून सांगतो.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. सतराव्या बाकावरचे निवृत्त पोस्टमास्तर. एकटे राहतात. फोन त्यांच्याकडे आहे, पण त्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी संदेशाचं उत्तर पाकिटात घालून, वर पत्ता लिहून, स्वतः चालत आणलं होतं. आत आले नाहीत. पाकीट चिंगीच्या हातात दिलं, पोच म्हणून तिची सही घेतली, आणि गेले.

चिंगीनं ते उघडलं. रेघा मारलेला कागद, टपोरं अक्षर. बाकावरच्या आठ जणांची नावं, प्रत्येकासमोर पूर्ण पत्ता, पिनकोडसकट, जन्मतारीख, आणि कोणाच्या दाराची घंटा बंद आहे तेही. खाली लिहिलं होतं: 'आपल्या यादीत माझ्या कुटुंबात आठ जण दाखवले आहेत. दोघे खांबाच्या मागे बसतात, ते वरून दिसत नसल्याने राहून गेले असावेत. त्यांची नावे जोडली आहेत. एकूण दहा. बाकी सर्व बरोबर आहे.'

चिंगीनं तो कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा मला वाचून दाखवला, फक्त शेवटचं वाक्य. मग लॅपटॉप मिटला.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. उद्यापासून फोनची सवय करायची."

रविवारी मॅडम आल्या. उपासनेला मागच्या बाकावर बसल्या, आणि त्या बाकानं लगेच त्यांना आपल्यात धरलं. शेजारच्या आजींनी विचारलंसुद्धा, "तुम्ही आमच्याच का?" उपासना संपल्यावर चर्चच्या ऑफिसात आम्ही चौघं जमलो. चिंगीनं लॅपटॉप उघडून ठेवला आणि काही मागायच्या आत सगळं सांगून टाकलं. बाक, प्रमुख, संदेश, लाल बटण, शनिवारचा बेत. पाकीट तेवढं नुसतं पुढे सरकवलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. "हेल्पलाइनला फोन?"

"शून्य."

"मावशींना?"

"त्रेसष्ट," बायको म्हणाली. "त्यातले दोन एकाच बाईंचे. नवऱ्याची चौकशी अजून चालू आहे."

"म्हणजे नापास," चिंगी स्वतःच म्हणाली.

मॅडमनी पाकिटातला कागद वाचला, घडी होती तशी घातली. मग बायकोला विचारलं, "बाकाप्रमाणे का लिहिता?"

बायको उठली आणि मॅडमना माळ्यावर घेऊन गेली. मी आणि चिंगी मागून गेलो. जिना अरुंद आहे, वर धूळ आहे, आणि माझी दुरुस्तीची हत्यारं आहेत, म्हणजे धूळ आहे. वरून रिकामं चर्च दिसत होतं, एक्केचाळीस बाक.

"इथून मला तोंडं दिसत नाहीत," बायको म्हणाली. "टाळू दिसतात. नावाची यादी घेऊन बसले तर दोनशे सत्त्याऐंशी टाळू कुठे शोधू? बाकावर कोणी नसलं की फट दिसते. मग मी दुपारी त्या फटीला फोन करते." तिनं खांबाकडे बोट दाखवलं. "तिथलं मात्र मला एकतीस वर्षं दिसलं नाही. पंचवीस जण निघाले, सगळे खांब मिळून. एक बाई अकरा वर्षं येताहेत."

मॅडम कठड्याला हात टेकून बराच वेळ खाली बघत राहिल्या. इतका वेळ की मला वाटलं त्याही आता रंग निवडताहेत.

"एका ओळीत एक घर असतं, हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी चिंगीला विचारलं.

"कोणीच नाही. मी धरून चालले."

"हेल्पलाइनवर चार वर्षांत कोणाला विचारलंस, की तुम्ही असं का लिहिता?"

चिंगी कठड्यावरची धूळ पुसायला लागली. "कोणालाच नाही. मी फक्त चुकीचं आहे म्हणून सांगत होते."

"मग आता विचार. पहिल्याच पडद्यावर. गुरुवारी परत बघू." एवढे शब्द एका दमात खर्च झाल्यामुळे मॅडम त्यानंतर गाडीत बसेपर्यंत बोलल्या नाहीत.

ते चार दिवस चिंगी आमच्याकडेच राहिली. टेबल तिचं, फोन बायकोचा, आणि मी ज्या खुर्चीत बसायचो त्या खुर्चीत वायरी. इम्पोर्टमध्ये कुटुंब वेगळं झालं आणि बाक वेगळा झाला. पोस्टमास्तरांच्या नावासमोर घरात एक आणि बाकावर दहा असं लागलं. कंसातला मजकूर कोणालाही पाठवायचा नाही अशी कडी घातली, घड्याळजींच्या खास विनंतीवरून.

गुरुवारी पुन्हा तेच टेबल. चिंगी खिडकीकडे तोंड करून, हात मांडीखाली. बायकोनं तिचीच फाइल दिली, सगळ्या दुरुस्त्या आणि चौदा रंगांसकट.

"'तुमच्या यादीतली एक ओळ म्हणजे काय?'" तिनं वाचलं, आणि चष्म्यावरून चिंगीच्या पाठीकडे बघितलं. "हे बरं विचारलंस. 'एक माणूस. एक घर. एक बाक. दुसरं काही असेल तर तुमच्या शब्दांत सांगा.' बाक तिसरा ठेवलायस का?"

"ते बोलणं झालं," मी बायकोला म्हटलं.

"मला बोलायला मनाई नाहीये. मनाई तिला आहे." तिनं बाक दाबला. पुढे सगळं सरळ झालं. नऊ मिनिटं. संदेश पाठवायचा का, हे विचारल्यावर मात्र तिनं आधी कोणाला जाणार आणि काय जाणार ते दोनदा वाचलं, आणि मग होय म्हटलं. फोन वाजला नाही. बायको पंधरा मिनिटं फोनकडे बघत बसली, मग उचलून तो चालू आहे ना ते बघितलं, आणि शेवटी जरा हिरमुसूनच स्वयंपाकघरात गेली.

मॅडमचा निरोप एका शब्दाचा आला. 'पास.'

महिनाभरानं ते सगळ्या चर्चना मिळालं. चिंगी परवा जेवायला आली होती. हेडफोनचा भांग बुजत चाललाय. जेवता जेवता ती लोकांनी 'तुमच्या शब्दांत सांगा'मध्ये काय लिहिलंय ते वाचून दाखवत होती, आणि बायको वाढायचं थांबवून ऐकत होती. एका चर्चमध्ये एक ओळ म्हणजे एक जिना, कारण सगळी मंडळी एकाच इमारतीत राहतात. एका ठिकाणी एक ओळ म्हणजे एक मोटार, कोण कोणाला आणतं त्याप्रमाणे.

"आणि हे बघ, मावशी," चिंगी म्हणाली. "एक ओळ म्हणजे एक छत्री. लोक चर्चमध्ये छत्र्या विसरून जातात, तिथला रखवालदार छत्रीवरून माणूस लिहून ठेवतो. दोनशे दहा ओळी आहेत."

"मग तुझं यंत्र त्यावर काय म्हणालं?"

"त्यानं रखवालदाराला विचारलं, एका छत्रीखाली किती माणसं." चिंगीनं घास तोंडात घातला. "तो मोजून सांगतो म्हणालाय."